भोजपूरला जायचंय? मग मंसिरच्या पौर्णिमेचा बेत करा

प्रश्न : आम्ही नवरा-बायको दोघंही पन्नाशी पार केलेले. काठमांडू-पोखरा बघून झालंय, आता पूर्व नेपाळात किराती लोकांचा जो भाग आहे तिकडे जायचं मनात आहे. भोजपूरचं नाव ऐकलं. जायचं कसं, कधी, आणि तिथे खरंखुरं आदिवासी गाव बघायला मिळेल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आधी एक सांगते, बिहारमध्येही भोजपूर जिल्हा आहे त्यामुळे नेटवर शोधताना नेपाळ लिहायला विसरू नका. आपलं हे भोजपूर अरुण नदीच्या पश्चिमेला डोंगरात आहे, साधारण दीड हजार मीटर उंचीवर.

जायला दोन-तीन वाटा आहेत. रेल्वेने बिहारमधल्या जोगबनीला उतरून विराटनगर, तिथून धरान, धनकुटा, हिले आणि मग लेगुवाघाटला अरुण ओलांडून जीपने वर. मला ही वाट आवडते कारण तराईतली भातशेती संपून डोंगर कसा चढत जातो ते सगळं डोळ्यांसमोर दिसतं. दुसरी वाट काठमांडूहून सिंधुली, दिक्तेल करत. काठमांडूहून छोटं विमानही जातं पण धुकं आलं की ते रद्द, तेव्हा पुढचं तिकीट त्याला चिकटून काढू नका. पावसाळ्यात दरडी कोसळतात, जून ते सप्टेंबर सरळ टाळा. आपल्याला व्हिसा लागत नाही, पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र पुरतं. रोख जवळ असू द्या, आपल्या १०० रुपयांचे तिकडे १६० होतात.

आता तुमच्या प्रश्नातला खरा मुद्दा, 'आदिवासी गाव बघायला'. राई, लिंबू, याक्खा, सुनुवार हे सगळे किराती, आणि नेपाळ सरकारच्या आदिवासी जनजातींच्या यादीत ते आहेतच. पण त्या शब्दाने आपल्या डोक्यात जंगलातल्या पाड्याचं जे चित्र येतं ना, ते इथे आधी पुसून टाका. नेपाळची २०१५ ची राज्यघटना ज्या संविधान सभेने केली तिचे अध्यक्ष सुभाष नेम्बांग लिंबू होते. आपल्या सैन्यातल्या ११ गोरखा रायफल्समध्ये राई-लिंबूंचीच भरती मोठी. अठराव्या शतकात गोरखा राज्याचं सैन्य येईपर्यंत या डोंगरांत त्यांची स्वतःची राज्यं होती, दूधकोशी ते अरुण म्हणजे माझ किरात आणि अरुणच्या पलीकडे पल्लो किरात, म्हणजेच लिंबुवान. भोजपूर जिल्ह्यातला हतुवागढी हा त्या काळातला गड. नंतरही 'किपट' नावाने कुळाची सामायिक जमीन त्यांच्याकडे राहिली होती, ती १९६० च्या दशकातल्या जमीन कायद्यांनी गेली आणि त्याची सल अजून घराघरात आहे. २०२३ मध्ये इथल्या प्रांताचं नाव कोशी ठेवलं तेव्हा त्यात आपली ओळख नाही म्हणून हेच लोक रस्त्यावर उतरले होते. तर तुम्ही जाताय ते अशा लोकांकडे पाहुणे म्हणून, एवढं लक्षात ठेवलंत की बाकी सगळं सोपं होतं.

भोजपूर बाजारात उतरलात की पहिल्यांदा दिसतील नेवार व्यापारी आणि खुकुरीची दुकानं, कारण इथली खुकुरी नेपाळभर नावाजलेली आहे. खाली टक्सारला पूर्वी नाणी पाडायचे, तिथले धातुकाम करणारे कारागीर जरूर बघा. पण किराती जगणं बाजारात नाही, आजूबाजूच्या राई गावांत आहे. तिथे होमस्टे मिळाला तर हॉटेलात राहू नका. आणि नुसतं 'तुम्ही राई का' विचारून थांबू नका, कुठले राई ते विचारा, बान्तावा, चाम्लिङ, कुलुङ, थुलुङ असे कितीतरी आणि बहुतेकांची भाषा वेगळी. हा प्रश्न विचारला की समोरच्याचा चेहरा बदलतो, मग चहा येतो आणि आजोबांपासून गोष्टी सुरू होतात!

घरात शिरलात की चुलीकडे लक्ष द्या. राई घरात तीन दगडांची चूल असते, सुप्तुलुङ म्हणतात, त्या तीन दगडांत पूर्वजांचा वास मानतात. तिला पाय लावू नये, ओलांडू नये, त्यात कचरा टाकू नये, आणि परक्याने किती जवळ जायचं याचे नियम प्रत्येक थराचे, म्हणजे कुळाचे, वेगळे, म्हणून बसायच्या आधी 'दिदी, कुठे बसू' असं विचारायचं. आपल्याकडे देवघरासमोर चप्पल घालून कोणी आलं तर कसं वाटेल, तसंच ते.

आणि कधी जायचं? मंसिरच्या पौर्णिमेला. म्हणजे आपली मार्गशीर्ष पौर्णिमा, दत्तजयंतीचा दिवस. तेव्हा उधौली असते, पिकं घरात आल्यावर पूर्वजांचे आणि निसर्गाचे आभार मानायचे. वैशाख पौर्णिमेला उभौली, पेरणीच्या आधी. राई लोक याला साकेला म्हणतात. आधी थानावर, म्हणजे पूजेच्या जागी, नाक्छोङ म्हणजे त्यांचे पुजारी मुन्धुम, म्हणजे पूर्वजांपासून चालत आलेल्या कथा-मंत्र, म्हणतात, मग ढोल आणि झ्याम्टा म्हणजे झांजा वाजायला लागतात आणि मैदानात गोल धरला जातो, म्हातारी माणसं, शाळकरी पोरं, कडेवर बाळ घेतलेल्या बायका, सगळे. पुढचा जी 'सिली', म्हणजे नाचातली हातापायांची चाल, करेल ती मागच्यांनी करायची. हात बघत राहा, जमीन खणली, बी टाकलं, रोप लावलं, तण काढलं, कापणी झाली, मध्येच पक्ष्याची चाल, अख्खं शेतीचं वर्ष त्या हातापायांत दिसतं. बाहेरच्यांना गोलात सहसा बोलावतातच, लाजू नका. फक्त थानावरची पूजा चालू असताना लांब थांबा, कॅमेरा पिशवीत.

पायांत दम असेल तर वर तेम्केपर्यंत जा, हवा स्वच्छ असली तर एव्हरेस्ट, मकालू दोन्ही दिसतात. साल्पा पोखरी हे त्यांचं पवित्र तळं सुमारे ३,४०० मीटरवर आहे, त्याला मात्र दोन-तीन दिवस चालायची तयारी, गाइड आणि गरम कपडे हवेत. हल्ली या सगळ्या वाटेला मुन्धुम ट्रेल म्हणतात. तळ्यात साबण-शांपू अजिबात नाही.

प्रश्न : आम्ही शाकाहारी, दारूही घेत नाही. तिकडे उपाशी तर राहणार नाही ना? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : अजिबात नाही. डाळ-भात-भाजी सगळीकडे मिळते, सोबत गुंद्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेली पालेभाजी. ढिंडो, म्हणजे पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, मागा, तो बऱ्याचदा कोदोच्या पिठाचा असतो आणि तिकडचा कोदो म्हणजे आपली नाचणीच. किनेमा म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, वास उग्र आहे पण चव घेऊन बघाच. वाचिपा मात्र तुमच्यासाठी नाही, भातात कोंबडी आणि तिच्या जाळलेल्या पिसांची पूड असते, राई लोकांचा तो फार आवडता पदार्थ. लिंबूंची तोङ्बासुद्धा नाचणीचीच, आंबवलेल्या दाण्यांवर गरम पाणी ओतून नळीने पितात. नको असेल तर हात जोडून 'मी घेत नाही' म्हणा, कोणी रागावत नाही. नाक मुरडू नका एवढंच, कारण हीच जांड, म्हणजे आंबवलेल्या धान्याची दारू, पूर्वजांनाही वाहतात.

प्रश्न : मुन्धुमचं पुस्तक कुठे मिळेल? आणि पाथीभरालाही जावं का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : मुन्धुम मुळात तोंडी आहे. लिंबूंची स्वतःची सिरिजंगा लिपी आहे, त्यात काही भाग छापलेलेही आहेत, पण पुजाऱ्याच्या तोंडून ऐकणं वेगळंच. रेकॉर्डिंग करायचं तर परवानगी घेऊनच. पाथीभरा हे डोंगरावरचं देवीचं ठिकाण ताप्लेजुंग जिल्ह्यात आहे, म्हणजे आणखी पूर्वेला, लिंबू लोक त्या डोंगराला मुक्कुमलुङ म्हणतात आणि पवित्र मानतात. तिथल्या केबल कारला त्यांचा मोठा विरोध झाला, २०२५ च्या जानेवारीत चकमकही झाली. माझं स्पष्ट मत, चालत जा. आणि निघायच्या आधी ताप्लेजुंगच्या होमस्टेवाल्यांना फोन करून वर परिस्थिती काय आहे ते विचारून घ्या.