पालांवरचं रेशन

कोल्हापूर

चि. मुली,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गळीत हंगामात शिरोळ-हातकणंगल्याकडच्या पालांवर जाऊन ऊसतोड टोळ्यांना रेशन मिळवून द्यायचं तू ठरवलंस, फार बरं केलंस. यादीत नाव असतं, दुकानात धान्य असतं, तरी माणूस रिकामी पिशवी घेऊन परततो. तुझं काम तिथंच आहे.

हक्क आधी तोंडपाठ ठेव. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं गहू दोन रुपये, तांदूळ तीन रुपये किलो ठरवला होता. जानेवारी २०२३ पासून तेही घेत नाहीत. प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी ५ किलो, अंत्योदयला, म्हणजे सगळ्यांत गरीब घरांना, कार्डामागं ३५ किलो, घरात दोघं असोत की नऊ. कार्डाच्या रंगावर जाऊ नकोस, आतला शिक्का बघ.

बीडकडची टोळी इथं आली की कार्ड बदलून घ्यावं लागत नाही. कार्ड गावाकडं म्हाताऱ्यांजवळ राहिलं तरी बारा अंकी नंबर किंवा आधार पुरतं. खरी गफलत होते ती वाटणीत. समज, घरात सहा जण म्हणजे ३० किलो. चौघं तोडीवर, दोघं गावी. इथं २० उचलायचे, १० तिकडं ठेवायचे. किती किलो टाकायचे हे मशीनवर अंगठा लावायच्या आधी दुकानदाराला सांगायला शिकव. न सांगता सगळं उचललं गेलं, तर महिनाभर गावाकडची आजी उपाशी.

दुकानदार ‘माल नाही’ म्हणतो, ते दर वेळी खोटं नसतं. त्याला धान्य येतं ते त्याच्या कार्डांच्या हिशेबानं; चाळीस पाहुणे एकदम आले की त्याचीच माणसं धान्यावाचून राहतात. म्हणून टोळी उतरताच कार्डनंबरांची यादी तहसीलच्या पुरवठा शाखेत दे, वाढीव धान्य मागायला लाव. टोळी दोन-तीन दुकानांत विभाग, आणि महिनाअखेरीची वाट बघू नकोस.

कोयत्यानं बोटांच्या रेषा झिजतात, अंगठा लागत नाही. हात धुऊन, पुसून दुसरं बोट लावायचं. नाहीतर डोळ्याचं स्कॅन किंवा आधारला जोडलेल्या मोबाईलवरचा ओटीपी मागायचा. त्यासाठी आधारला चालू नंबर हवा, आणि टोळीत निम्म्यांचा जुनाच असतो. हे निघण्याआधी गावातच उरकलेलं बरं. ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, घरातल्या प्रत्येकाची वेगळी. कुटुंबप्रमुखाची झाली म्हणजे सगळ्यांची झाली, हा समज फार नुकसान करतो. पोरांचं आधार पाचव्या आणि पंधराव्या वर्षी अद्ययावत करावं लागतं, ते राहिलं की तिथं अडतं.

मशीनची पावती प्रत्येक वेळी घ्यायची, पावतीवरचे किलो आणि पिशवीतले किलो तिथंच ताडून बघायचे. पैसे मागितले किंवा वजन कमी भरलं, तर पावतीचा फोटो काढून १९६७ वर तक्रार कर. आणि मुकादमानं कार्डं गोळा करून स्वतःजवळ ठेवली असतील, तर पहिल्या भेटीतच ती ज्याची त्याला परत द्यायला लाव.