जाब, प्रश्न की खुलासा?

आमच्या शेजारच्या टॉवेल कारखानदारांची मुलगी कायद्याचं शिकते. परवा सकाळी पेपर घेऊन आली आणि मथळ्यावर बोट ठेवून म्हणाली, ‘काका, चीनच्या विषयावरून खासदारांनी सरकारला जाब विचारला, असं लिहिलंय. आत वाचलं तर एक लेखी प्रश्न आणि मंत्र्यांचं चार ओळींचं उत्तर. मग हे जाब विचारायलेत की नुसतं प्रश्न विचारायलेत? की दोन्ही एकच?’

दोन्ही एक नाहीत. माझी तीस वर्षं मुद्रितं तपासण्यात गेली आणि हा शब्द मी कितीदा तरी खोडलाय. तेव्हा सविस्तर सांगतो.

आधी शब्दाचं मूळ. अरबी ‘जवाब’ फारसीतून मराठीत आला आणि इथे त्याचे तीन शब्द झाले. पोलिसांपुढे नोंदवतात तो जबाब. कलगी-तुऱ्याच्या फडात सवालाला भिडतो तो जवाब. तिसरा जाब. जुन्या पत्रांत जाब म्हणजे साधं उत्तर. पत्राचा जाब यायचा, जाब पाठवला जायचा. आज तो अर्थ गेला. आज जाब फक्त विचारतात, मागतात किंवा देतात, आणि त्यात दोष गृहीत असतो. घरी उशिरा आलेल्या मुलाला बाप जाब विचारतो. रस्ता विचारणारा वाटसरू आपल्याला जाब विचारत नाही, प्रश्न विचारतो. जाब विचारणाऱ्याला तसा हक्क लागतो आणि ज्याला विचारायचा तो समोर लागतो.

याच घरातला एक शब्द आपण हरवून बसलो, त्याची मला खरोखर हळहळ वाटते: ‘जाबसाल’. जाब आणि सवाल मिळून झालेला. पेशवाईच्या कागदांत दोन दरबारांमधल्या बोलाचालीला, वाटाघाटीला जाबसाल म्हणत. तो करणारा माणूस वकील. कोर्टातला नव्हे, दुसऱ्याच्या दरबारी आपल्या राज्याच्या वतीने राहणारा. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईआधी चौथाईच्या थकबाकीचं बोलणं निजामाच्या दरबारात गोविंदराव काळे करत होते, तो जाबसालच. परदेशी दूताच्या कचेरीला आपण अजून ‘वकिलात’ म्हणतो, ते त्या वकिलावरून. परराष्ट्राशी बोलायचा शब्द आणि आपल्याच सरकारला धारेवर धरायचा शब्द आपल्या भाषेत एका मुळाचे आहेत. कायद्याच्या विद्यार्थिनीला हे आवडलं. तिने ‘वकील’ वहीत लिहून घेतला.

आता सभागृहाकडे. ‘प्रश्न’ हा तिथे नेमक्या अर्थाचा, नियमांनी बांधलेला शब्द आहे. लोकसभेच्या प्रश्नाला साधारण पूर्ण पंधरा दिवसांची सूचना द्यावी लागते. एका दिवसाच्या यादीत २० तारांकित प्रश्न असतात. त्यांना तोंडी उत्तर मिळतं आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. अतारांकित २३०, त्यांची उत्तरं लेखी येतात आणि सभागृहाच्या पटलावर ठेवली जातात. पेपरातला तो प्रश्न अतारांकित होता. मंत्री उभे राहिले नाहीत, खासदारही नाहीत. कागद गेला, कागद आला.

त्या कागदावर काय चालत नाही, हेही नियमात आहे. प्रश्न साधारणपणे १५० शब्दांच्या आत हवा. त्यात युक्तिवाद, तर्काने काढलेले निष्कर्ष, उपरोध, आरोप, बोचरी विशेषणं नकोत. मत विचारायचं नाही, काल्पनिक गोष्ट विचारायची नाही. परराष्ट्राच्या बाबतीत आणखी एक अट: मित्रराष्ट्राचा उल्लेख असभ्यपणे करायचा नाही. म्हणजे जाब ज्या स्वरात विचारतात तो अख्खा स्वरच कागदावरच्या प्रश्नाला वर्ज्य आहे. म्हणून लेखी प्रश्नाच्या बातमीला ‘जाब विचारला’ हा मथळा चुकीचाच.

मग जाब येतो कुठे? पुरवणी प्रश्नात. तारांकित प्रश्नाचं उत्तर झालं की खासदार उभा राहतो आणि उत्तराच्या पोटातलं विचारतो. आपल्या विधिमंडळात याला उपप्रश्न म्हणतात. हा हक्क सहज मिळालेला नाही. १८९२ च्या ब्रिटिश कायद्याने कौन्सिलच्या, म्हणजे तेव्हाच्या कायदेमंडळाच्या, सभासदांना प्रश्न विचारू दिले, पुरवणी नाही. १९०९ मध्ये पुरवणी मिळाली, पण मूळ प्रश्न ज्याचा त्यालाच. १९१९ च्या सुधारणांनंतर ती इतर सभासदांनाही मिळाली. आणि तेव्हाही परकी राज्यांशी सरकारच्या असलेल्या संबंधांवर प्रश्न विचारायलाच मनाई होती. परराष्ट्र धोरणावर आपला प्रतिनिधी तोंड उघडू शकतो, हे स्वातंत्र्यानंतरचंच. हे मला फार मोलाचं वाटतं, आणि शब्द जपून वापरा असा माझा आग्रह असतो तो यासाठीही.

प्रश्न आणि जाब यांतलं अंतर पाहायचं तर चीनचंच उदाहरण घ्या. ऑगस्ट १९५९ मध्ये सीमेवरून संसदेत विचारणा झाली. परराष्ट्र खातं नेहरूंकडेच होतं. अक्साई चीनमधून चीनने रस्ता काढल्याचं त्यांना सभागृहात सांगावं लागलं, आणि सप्टेंबरात चीनशी झालेल्या पत्रव्यवहाराची पहिली श्वेतपत्रिका आली. इथवर प्रश्न आणि खुलासा. नोव्हेंबर १९६२ मध्ये युद्ध चालू असताना संसद बसली. त्या सुमारास संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पद सोडावं लागलं. तो जाब. त्या दिवसांबद्दल ‘प्रश्न विचारले’ एवढंच लिहिलं, तर तेही कमीच पडेल.

‘खुलासा’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. आपल्या विधिमंडळाच्या प्रश्नाची सुरुवात बघा: ‘सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’. मग ‘हे खरे आहे काय’, ‘असल्यास’, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. उत्तरात ‘अंशतः खरे आहे’ नाहीतर ‘प्रश्न उद्भवत नाही’. मराठीत खुलासा म्हणजे उलगडा, स्पष्टीकरण. हिंदी वाहिन्यांवर ‘बड़ा खुलासा’ म्हणजे गौप्यस्फोट, आणि तो अर्थ आता आपल्या बातम्यांत शिरायलाय. ‘मंत्र्यांचा खळबळजनक खुलासा’ वाचलं की मला थांबावंच लागतं. मंत्र्यांनी शंका फेडली की गुपित फोडलं? मराठी वाचकाला हे कळलंच पाहिजे.

ओघात ‘परराष्ट्र’ आणि ‘विदेश’. धोरण, मंत्री, व्यवहार यांना परराष्ट्रच. परदेश हा प्रवासाचा, नोकरीचा. ‘विदेश मंत्री’ हिंदीतून आलाय, मराठीत त्याची गरज नाही.

एवढं झाल्यावर तिचे वडीलच आले. अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत त्यांचा कारखाना. टॉवेल परदेशी जातो, आणि ज्या देशात जातो तिथल्या आयातकराची त्यांना चिंता. हातात आमदारांच्या नावाचं पत्र, त्यात ठळक अक्षरांत: ‘सरकारला जाब विचारा.’ मी म्हटलं, मालक, पत्ता बदला आधी. परराष्ट्र व्यवहार हा संविधानाच्या सातव्या अनुसूचीतल्या केंद्राच्या सूचीचा विषय. विधानसभेत तो विचारता येणार नाही, खासदारांना लिहा. मग आम्ही तिघांनी बसून मजकूर बदलला. ‘सोलापूरच्या टॉवेल उत्पादकांवर अन्याय होत असताना सरकार झोपले आहे’ हे वाक्य काढलं. त्यात आरोप होता आणि विशेषणाचंच काम करणारं क्रियापद होतं. त्या जागी आलं: सोलापुरी टॉवेलवर त्या देशात किती आयातकर आहे, त्याबाबत त्या देशाच्या सरकारशी बोलणी झाली आहेत काय, झाली असल्यास कोणत्या तारखांना, आणि त्यांतून काय ठरले.

मुलीने मोजले, तीस शब्दही भरले नाहीत. वडिलांना ते मिळमिळीत वाटलं. मी त्यांना ‘कोणत्या तारखांना’ परत वाचायला लावलं. तारीख दिली तर ती कागदावर राहते, नाही दिली तर पुरवणीत तिथेच बोट ठेवता येतं. त्यांनी दोनदा वाचलं, खिशातून पेन काढलं आणि खासदारांसाठी समासात लिहिलं: ‘तारांकित करून घ्यावा. जाब पुरवणीत विचारावा.’ ते मी खोडलं नाही. तिथे तो शब्द बरोबर होता.