फाइलीवर नाव कुणाचं?

प्रश्न : डॉक्टरबाई, सप्रेम नमस्कार. मी ३२ वर्षांची, हे ३५ चे. लग्नाला चार वर्षं झाली. नणंदेचं लग्न आणि सायझिंगच्या (सुताला खळ लावायच्या) कारखान्याचं कर्ज, म्हणून पहिली दोन वर्षं आम्हीच थांबलो होतो. गेली दोन वर्षं प्रयत्न चालू आहेत, पण दिवस राहत नाहीत. माझी पाळी ३४-३५ दिवसांनी येते, कधी चुकत नाही. मार्चपासून माझ्या तपासण्या सुरू आहेत. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, दोन सोनोग्राफी, सगळं नॉर्मल. एएमएच (अंड्यांच्या साठ्याची रक्ततपासणी) १.८ आलंय, ते मैत्रिणीला कमी वाटतं. २१ व्या दिवशी प्रोजेस्टेरॉन केलं ते कमी आलं, म्हणून अंडं फुटत नाही असं सांगितलं आणि तीन महिने गोळ्या झाल्या. आता नळ्यांचा एक्स-रे सांगितलाय. तो फार दुखतो म्हणतात. बाराव्या ते सोळाव्या दिवसात जवळ यायचं असं मैत्रिणीने सांगितलं होतं, ते आम्ही पहिल्यापासून कॅलेंडरवर खुणा करून पाळतो.

ह्यांची तपासणी अजून झालेली नाही. गावात लॅब दोनच. एकीत ह्यांचा मावसभाऊ, दुसरीतला पोरगा ह्यांच्याबरोबर जिमला. "माझ्यात काय कमी असणार, दंड बघ की," म्हणतात. जिमला जायला लागल्यापासून तब्येत खरंच छान झालीये, तिथले सर ताकदीची इंजेक्शनं पण देतात. जाऊबाई म्हणतात, वेळ घालवू नका, सरळ टेस्ट ट्यूब करा, जमिनीची पट्टी विकायची वेळ आली तरी चालेल. काय करू? नाव-गाव छापू नये.
– एक वाचक, हातकणंगले तालुका

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा एएमएचपाशी थांबले, दुसऱ्यांदा जिमच्या सरांपाशी.

आधी ती इंजेक्शनं. बाटलीवर किंवा खोक्यावर काय लिहिलंय त्याचा मोबाइलवर फोटो काढा. बी-कॉम्प्लेक्स असेल तर विषय संपला. पण 'टेस्टोस्टेरॉन' हा शब्द कुठेही दिसला, मग त्याच्या पुढेमागे आणखी काहीही लिहिलेलं असो, तर तुमच्या दोन वर्षांचं उत्तर त्या खोक्यात असू शकतं. बाहेरून हे हार्मोन मिळायला लागलं की मेंदू समजतो, माल भरपूर आहे. मग तो अंडकोषांना काम करायचा निरोप धाडणंच थांबवतो. शुक्रजंतू कमी होत जातात, कधी अजिबात उरत नाहीत. संबंधात काही फरक जाणवत नाही, वीर्यही येतं, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. दंड मात्र भरतात.

माझ्याकडे मिरजेला असाच एक गडी आला होता, खुर्चीत मावत नव्हता. बायकोच्या फाइलीत चौदा कागद, ह्याचा एकही नाही. रिपोर्ट शून्य आला. इंजेक्शनं थांबवल्यावर आकडा हलायला दहा महिने लागले. बहुतेकांचं पूर्ववत होतं, पण वेळ लागतो, काहींना वर्षाहूनही जास्त. थांबवायची कशी आणि पुढे काय, हे हार्मोनच्या किंवा मूत्ररोगाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं. जिमच्या सरांना विचारून नाही.

आता मावसभावाचं. ही अडचण मी हसण्यावारी नेत नाही. लहान गावात माणसाला रिपोर्टापेक्षा रिपोर्ट कोण वाचणार याची धास्ती जास्त असते. कोल्हापूर, सांगली, मिरज, तिन्ही तुम्हाला जवळ आहेत. सुताचा व्यवहार म्हणून जायचं, येताना लॅब करून यायची. नमुना द्यायला स्वतंत्र खोली असलेली लॅब निवडा, फोन करून आधी विचारा. घरून न्यायचा म्हटलं तर तासाच्या आत पोचला पाहिजे, अर्ध्या तासात पोचला तर उत्तम. डबी शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवायची, फ्रीजमध्ये किंवा बर्फात नाही. आधीच्या संबंधाला किमान दोन आणि जास्तीत जास्त सात दिवस झालेले हवेत. निरोध, तेल, साबण, थुंकी काही चालत नाही. सुरुवातीचा थेंब सांडला तर लाज न बाळगता सांगायचं, कारण बहुतेक शुक्रजंतू त्या पहिल्या भागातच असतात.

एक रिपोर्ट वाईट आला म्हणून तो शेवटचा शब्द नाही. शुक्रजंतू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे मधे मोठा ताप येऊन गेला असला तरी आकडा पडतो. अशा वेळी तपासणी पुन्हा करायची. आणि विचारते म्हणून राग नको : हे दिवसभर बॉयलरजवळ असतात का? तंबाखूचा मावा खातात का? दोन्हींनी शुक्रजंतूंचं नुकसान होऊ शकतं.

सुईही टोचावी न लागणारी, काही शे रुपयांची ही तपासणी. पहिल्या दिवशी, तुमच्या पहिल्या रक्ततपासणीबरोबरच व्हायला हवी होती. दिवस न राहणाऱ्या जोडप्यांत जवळजवळ निम्म्या वेळा पुरुषाच्या बाजूचं काही ना काही कारण असतं, एकटं किंवा बायकोच्या कारणासोबत. पण आपल्याकडे फाइल उघडते तीच बायकोच्या नावाने, आणि एकदा तिचं नाव वर लागलं की आतले सगळे कागद तिचेच होत जातात. नवऱ्याचा रिपोर्ट हातात नसताना तीन महिने अंडं वाढवायच्या गोळ्या दिल्या, हे मला पटलेलं नाही. हे माझ्याच व्यवसायातल्यांना सांगतेय, तुम्हाला नाही.

तुमच्या त्या कमी आलेल्या प्रोजेस्टेरॉनकडे वळू. ही तपासणी पुढची पाळी यायच्या साधारण सात दिवस आधी करायची असते. २१ वा दिवस हा हिशेब २८ दिवसांच्या पाळीचा. तुमची ३५ ची, म्हणजे रक्त द्यायचं २७-२८ व्या दिवशी. २१ व्या दिवशी तुमचं अंडं जेमतेम फुटत असणार. त्या दिवशी प्रोजेस्टेरॉन कमीच येणार, कुणाचंही आलं असतं. ३५ दिवसांपर्यंतची नेमाने येणारी पाळी म्हणजे बहुतेक वेळा अंडं नेमाने फुटतंय.

आणि त्याच हिशेबाने कॅलेंडरवरच्या त्या खुणा पुसून टाका. अंडं फुटायचा दिवस आणि त्याआधीचे पाच, एवढेच दिवस उपयोगाचे. तुमच्या बाबतीत ते अंदाजे पंधरा ते एकवीस. म्हणजे तुम्ही सोळाव्या दिवशी पाठ फिरवत होता, तेव्हा खरे दिवस नुकते सुरू होत होते! पंधराव्यापासून आठवडाभर एक दिवसाआड जवळ आलात तरी पुरे.

एएमएचवर दोनच वाक्यं. ३२ व्या वर्षी १.८ ला घाबरण्यासारखं काही नाही. त्यावरून अंड्यांच्या साठ्याचा अंदाज येतो, आपोआप दिवस राहतील की नाही ते कळत नाही.

नळ्यांचा एक्स-रे ह्यांचा रिपोर्ट आल्यावर करा. शुक्रजंतूच नसतील तर तो दुखवून घ्यायची आज गरज नाही. करायचा ठरलाच तर रक्तस्राव थांबल्यावर, साधारण सातव्या ते दहाव्या दिवशी होतो, आणि त्या पाळीपासून तपासणी होईपर्यंत संबंध नको. गर्भपिशवीतून औषध सोडतात, ते नळ्यांमधून बाहेर पडतंय का ते पडद्यावर दिसतं. दुखतं, खोटं सांगणार नाही : पाळीतली जोराची कळ असते तसं, काही मिनिटं. डॉक्टरांना विचारून तासभर आधी वेदनाशामक गोळी घ्या आणि सोबत कुणीतरी न्या. जाऊबाईंना न्या, त्यांना एवढी काळजी आहे तर. एखाद्या वेळी नळी आकसते आणि रिपोर्टावर 'बंद' असं येतं, तेव्हा लगेच रडत बसू नका. तुम्हाला किंवा घरात कुणाला टीबी झाला असेल तर तो मात्र आवर्जून सांगा. आपल्याकडे नळ्या बंद व्हायचं ते एक मोठं कारण आहे.

राहिली टेस्ट ट्यूब. ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हाताखाली त्या पद्धतीने मुलगी जन्मली, तेव्हा मी एमबीबीएसला होते. होस्टेलच्या भिंतीवर ते कात्रण कितीतरी दिवस चिकटवलेलं होतं. मला त्या शास्त्राचा अभिमान आहे, पण कारण शोधायच्या आधी जमिनीची पट्टी विकायला मी सांगणार नाही. कधी वेळ आलीच तर २०२१ च्या कायद्याखाली नोंदणी झालेलंच केंद्र गाठा, नोंदणीचा कागद बघायला मागा.

फॉलिक ॲसिडची गोळी तुमच्या पत्रात कुठे दिसली नाही. ती आजपासून. खोक्याचा फोटो आणि ह्यांचा रिपोर्ट आला की पुन्हा लिहा.

प्रश्न : मी शिक्षक, वय ३४. बीडला वीर्यतपासणी केली. संख्या व हालचाल ठीक आहे असं लॅबवाले म्हणाले, पण रिपोर्टावर 'विकृत आकार ९५ टक्के' असं छापलं आहे. बायकोला अजून दाखवलेला नाही, कपाटात इस्त्रीच्या कपड्यांखाली ठेवलाय. मूल झालं तर ते व्यंगाचं होईल का?

उत्तर : नाही. आणि सर, गणित बघा. ९५ विकृत म्हणजे ५ चांगले. जागतिक आरोग्य संघटनेने खालची मर्यादा ४ टक्के धरली आहे, म्हणजे तुम्ही पास आहात. निसर्गाच्या कारखान्यात हा माल असाच निघतो, शंभरातले नव्वदहून अधिक वाकड्या डोक्याचे किंवा दुहेरी शेपटीचे. शुक्रजंतूंच्या बाह्य आकारावरून मुलाचं व्यंग ठरत नाही.

कागद आज संध्याकाळी जेवणाआधी बाहेर काढा. इस्त्रीच्या कपड्यांखालचं बायकोला सापडणार नाही, असं तुम्हाला कुणी सांगितलं?