लाल कोळ्यांच्या जाळीतला ठिपकेदार फुलकिडा

प्रश्न : तासगाव तालुक्यातील माझ्या द्राक्षबागेत लाल कोळी पडलेल्या पानांच्या मागच्या बाजूस फिकट पिवळे फुलकिडे दिसले. भिंगातून पाहता पंखांवर काळसर ठिपके आढळले. छायाचित्र सोबत पाठवले आहे. ही जात कोणती, आणि फवारणी करावी का?
– एक द्राक्ष बागायतदार

उत्तर : फुलकिड्यांसाठी म्हणून फवारणी करू नये. ‘थ्रिप्स’ (म्हणजे फुलकिडे) म्हटले की आपल्याकडे हात पंपाकडे जातो, कारण कोवळ्या फुटीवर व घडांवर येणारा सिर्टोथ्रिप्स डॉर्सालिस मण्यांवर खरचटल्यासारखे डाग पाडतो. आपल्या छायाचित्रातील कीटक त्याच थ्रिपिडी कुलातला असला, तरी तो स्कोलोथ्रिप्स या प्रजातीतील (genus, म्हणजे जवळच्या जातींचा गट) दिसतो, आणि ही प्रजाती कोळ्यांची (पानांतील रस शोषणाऱ्या या सूक्ष्म किडीची) अंडी, पिल्ले व प्रौढ कोळी यांना टोचून त्यांच्यातील द्रव शोषते.

परभक्षी (इतर किडींवर जगणाऱ्या) फुलकिड्यांत एओलोथ्रिपिडी हे दुसरे कुल प्रसिद्ध असून त्यातही पंखांवर पट्टे असतात, त्यामुळे गल्लत होऊ शकते. मात्र त्यांचे पंख टोकाशी रुंद व गोलसर, शृंगिका (डोक्यावरील मिशा) ९ खंडांच्या आणि मादीचा करवतीसारखा अंडनिक्षेपक (अंडी घालण्याचा अवयव) वर वळलेला असतो. स्कोलोथ्रिप्सचे पंख अरुंद व निमुळते, शृंगिका ८ खंडांच्या आणि अंडनिक्षेपक खाली वळलेला असतो. खरी खूण म्हणजे अग्रवक्षावरील (डोक्यालगतच्या वक्षभागावरील) लांब केसांच्या ६ जोड्या, परंतु ती पाहण्यास सूक्ष्मदर्शकच हवा.

येथवर झाली प्रजाती. जात (species) तिच्या आतली. (वृत्तपत्रांत हल्ली हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरतात, त्याला इलाज नाही.) हिंड्स यांनी १९०२ मध्ये स्थापन केलेल्या या प्रजातीतील स्कोलोथ्रिप्स इंडिकस या जातीचे वर्णन प्रीस्नर यांनी १९५० मध्ये केले. आपला कीटक तोच, असे म्हणण्याचा मोह होतो. पण ठिपक्यांचा आकार व गडदपणा एकाच जातीतही कमीअधिक असल्याने केवळ छायाचित्रावरून तसे लिहिणे मला योग्य वाटत नाही.

जात नक्की करण्यासाठी पान पांढऱ्या कागदावर झटकून पडलेले प्रौढ कीटक ओल्या बारीक ब्रशने उचलावेत, ७० टक्के अल्कोहोलच्या कुपीत ठेवावेत आणि पीक, गाव व दिनांक लिहिलेली चिठ्ठी कुपीतच घालून जवळच्या कृषी महाविद्यालयाच्या कीटकशास्त्र विभागाकडे द्यावी. चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहावी, कारण शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.