सोसायटीला कोटेशन पाठवताना फॉन्ट कुठला?

प्रश्न : आमचं पाण्याच्या टाक्या साफ करायचं आणि पेस्ट कंट्रोलचं छोटं काम आहे, घोडबंदर रोडच्या सोसायट्यांना मेलवर कोटेशन पाठवतो. भाऊ म्हणतो साधा फॉन्ट नको, काहीतरी स्टायलिश ठेव म्हणजे लक्षात राहील. मराठी मजकूर मी जुन्या डीटीपीच्या फॉन्टमध्ये टाइप करते, तर परवा कासारवडवलीच्या एका सेक्रेटरींचा फोन आला की मेलमध्ये ही कसली इंग्रजी अक्षरं न् चिन्हं आलीयत. नवीन गिऱ्हाइकाला मेल करताना काय वापरू?
– एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : ताई, आधी सेक्रेटरींचं बघू, कारण तिथे काम हातातून जाऊ शकतं. मेलमधून फॉन्ट जात नाही, फक्त मजकूर आणि फॉन्टचं नाव जातं, अक्षर उमटतं ते समोरच्याच्या फोनमध्ये जे असेल त्यातून. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आत खरं तर इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात, वर फक्त मराठीचा आकार चढवलेला असतो, त्यामुळे तो फॉन्ट नसला की आतलं सगळं उघडं पडतं. छपाईला ते फॉन्ट चालतात, मेलला अजिबात नकोत. मराठी युनिकोडमध्येच (ज्यात देवनागरी अक्षरांना स्वतःचे कोड असतात) टाइप करा, म्हणजे विंडोजवर निर्मला किंवा मंगल, अँड्रॉइडवर बहुतेक नोटो, आयफोनवर कोहिनूर असं ज्याचं त्याचं देवनागरी आपोआप लागतं. जुनी कोटेशनं असतील ती युनिकोड करून देणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढा, पण जोडाक्षरं आणि रफार एकदा स्वतः वाचून घ्या, तिथे हमखास गडबड होते.

इंग्रजी मजकुराला एरियल किंवा व्हर्डाना. जीमेलमध्ये आधीपासून असलेला सॅन्स सेरिफ म्हणजे एरियलच, तो तसाच ठेवलात तरी उत्तम. अँड्रॉइड फोनवर एरियल नसतो, तिथे रोबोटो दिसतो पण धाटणी तीच, काही बिघडत नाही. मायक्रोसॉफ्ट ऑफिसमधला कॅलिब्री किंवा 2023 पासून आलेला अ‍ॅप्टोस चांगले आहेत, पण सगळ्यांकडे असतीलच असं नाही.

तुमच्या मेलमध्ये खरं महत्त्व आकड्यांना आणि अक्षर-आकडे मिसळलेल्या कोडना आहे, म्हणून मी स्वतः व्हर्डाना सुचवेन. एरियलमध्ये कॅपिटल आय आणि स्मॉल एल जवळजवळ सारखेच दिसतात, व्हर्डानात कॅपिटल आयला वर-खाली आडव्या रेघा आहेत, तो स्पॉन्डिलायटिसचा पट्टा लावून चष्मा सावरत वाचणाऱ्या काकांनाही ओळखू येतो. जॉर्जिया दिसायला सुंदर पण त्यातले आकडे वर-खाली होतात, 3, 4, 5, 7, 9 ओळीच्या खाली उतरतात, रेटच्या तक्त्यात ते बघवत नाही. आणि आयएफएससी (बँकेच्या शाखेचा कोड) देणार असाल तर 11 पैकी पाचवं कॅरेक्टर नेहमी शून्य असतं, लोक तिथे हटकून ओ टाकतात, तेव्हा बाजूला ‘पाचवं शून्य’ असं लिहूनच टाका, कुठलाही फॉन्ट असो.

साइज 11 किंवा 12, रंग काळा, बोल्ड फक्त एकूण रकमेला. जुन्या मेलमधून कॉपी करता ना, तिथे सोसायटीचं नाव वेगळ्या फॉन्टमध्ये बसतं आणि वाचणाऱ्याला लगेच कळतं की हे पत्र आधी दुसऱ्या कुणाला गेलंय, नवीन गिऱ्हाइकावर याचा फार वाईट परिणाम होतो. पेस्ट करताना कंट्रोल-शिफ्ट-व्ही वापरा, नुसता मजकूर येतो.

भावाचं म्हणणंही टाकून देऊ नका. स्टायलिश फॉन्ट मेलमध्ये टिकणार नाही, पण लेटरहेडवर कोटेशन करून पीडीएफ काढलंत तर साधारणपणे फॉन्ट फाइलच्या आतच बसतो आणि सेक्रेटरींना जसाच्या तसा दिसतो. तिथे कंपनीचं नाव त्याला हवं तसं ठेवू द्या, खालचा रेटचा तक्ता मात्र व्हर्डानातच.