उन्हाळ्यात कोरियातील संगीत महोत्सवाला जायचे असल्यास कोणता निवडावा आणि तयारी काय करावी?

पहिल्यांदाच जाणार असाल, तर मी निःसंकोचपणे सोलजवळच्या इंचॉन शहरातील पेंटापोर्ट रॉक महोत्सवाचे नाव सुचवेन. 2006 पासून चालत आलेला हा महोत्सव अलीकडच्या वर्षांत ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास इंचॉनच्याच सोंगदो भागातील उद्यानात तीन दिवस भरतो. त्याचे मूळ 1999 च्या ट्रायपोर्ट महोत्सवात आहे. त्या वर्षी ब्रिटिश रॉक बँड डीप पर्पल भर पावसात वाजवून गेले आणि दुसऱ्या दिवशीचे कार्यक्रम मुसळधार पावसामुळे रद्द करावे लागले. मोठाले झेंडे फडकवत, वर्तुळे करून नाचणारे तिथले श्रोते पाहणे हाच मुळात एक विलक्षण अनुभव आहे.

कोरियातील पावसाळा साधारण जूनअखेरीपासून जुलैअखेरीपर्यंत असतो आणि त्यानंतर कडक, दमट उकाडा सुरू होतो; म्हणून रेनकोट आणि टोपी दोन्ही जवळ ठेवावीत, कारण गर्दीत छत्री उघडल्यास मागच्यांना मंच दिसत नाही.

भारतीय पासपोर्टधारकांना व्हिसा आधीच काढावा लागतो, तेव्हा तिकिटाच्या आधी त्याचे वेळापत्रक पाहावे. तिकिटे परदेशी प्रेक्षकांसाठी असलेल्या इंग्रजी संकेतस्थळावरून घ्यावीत, कारण कोरियन संकेतस्थळांवर बहुधा स्थानिक मोबाइल क्रमांकाची पडताळणी आड येते. सोलहून मेट्रोने बुप्यॉंगला गाडी बदलून इंचॉन मार्ग 1 ने सोंगदोला पोहोचता येते. रस्ता शोधण्यासाठी मात्र गूगल मॅपऐवजी नेव्हर मॅप (Naver Map) हे कोरियन नकाशा-अ‍ॅप वापरावे. परतीची शेवटची मेट्रो चुकण्याची धास्ती नको असेल, तर मुक्काम सोलऐवजी सोंगदोतच करावा.