वाचकांचे प्रश्न : चांदीखालचा आकडा बाहेरून वाचता येतो तेव्हा

सणासुदीच्या आधी स्क्रॅच कार्डांबद्दलची पत्रं वाढतात. त्यातली पाच इथे घेतली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : नागपूरच्या इतवारीत आमचा स्क्रीन आणि छोट्या ऑफसेटचा प्रेस आहे. एका साडीच्या दुकानासाठी 5000 स्क्रॅच कार्डं केली. 300 जीएसएम आर्टकार्ड, आतला आकडा डिजिटल मशीनवर, वरून सिल्व्हरचा, म्हणजे खरवडून निघणाऱ्या चंदेरी स्क्रॅच शाईचा, एक हात (थर). दुकानदाराने मोबाइलचा टॉर्च मागून लावला आणि ‘500 रु.’ वाचून दाखवलं. दुसरा हात मारला. आता टॉर्चने समोरून दिसत नाही, पण कार्ड तिरपं धरलं की आकडा उठून दिसतो. शाई बदलावी का?

उत्तर : शाई बदलून अर्धंच काम होईल. तुमच्या कार्डातून आकडा दोन वेगळ्या वाटांनी बाहेर येतोय, आणि तिसरी वाट अजून कोणी तपासलेली नाही.

पहिली वाट उजेडाची. स्क्रॅच शाई म्हणजे मऊ रबरासारखा बाइंडर (कण धरून ठेवणारा चिकट पदार्थ) आणि त्यात ॲल्युमिनियमच्या बारीक चकत्या. सुकताना या चकत्या घरावरच्या कौलांसारख्या एकमेकींवर आडव्या बसतात आणि उजेड अडवतात. पण एका हातात कौलांमधल्या फटी राहतातच. म्हणून चांगल्या स्क्रॅच शाईत काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, असते आणि तिचा रंग थोडा राखाडी दिसतो. गिऱ्हाइकाला चकचकीत चांदी हवी असते, आणि जितकी चकचकीत तितकी ती कमी झाकते. तेव्हा पहिला हात काळ्या किंवा गडद राखाडी स्क्रॅच शाईचा मारा आणि त्यावर चांदी. चांदीचेच दोन हात मारण्यापेक्षा हे कितीतरी जास्त झाकतं.

मेश, म्हणजे स्क्रीनची जाळी, फार बारीक घेऊ नका. इंचाला 110 ते 150 धागे ठीक. 200 च्या वर गेलात की थर पातळ पडतो आणि सगळी मेहनत वाया. चांदीचा चौकोन मजकुरापेक्षा चारही बाजूंनी 2 ते 3 मिमी मोठा ठेवा, कारण दुसरा हात केसभर सरकला तरी कडेला एकाच हाताची पट्टी उरते आणि टॉर्च नेमका तिथे लागतो.

दुसरी वाट उठावाची. डिजिटल मशीनचा टोनर, म्हणजे तिची भुकटीची शाई, कागदात मुरत नाही, वर बसतो. त्यावर मारलेली शाई त्याच उंचवट्यावरून जाते, म्हणून तिरप्या उजेडात अक्षराची सावली पडते. इथे पाच हात मारले तरी फरक पडणार नाही. आकडा ऑफसेटवर छापा. ते जमत नसेल तर टोनरवर आधी यूव्ही वार्निशचा (अतिनील दिव्याखाली वाळणाऱ्या पारदर्शक लेपाचा) भरपूर थर द्या, म्हणजे उंचसखल भरून निघेल, आणि त्यावर स्क्रॅच शाई मारा. वार्निश तसंही लागतंच, त्याचं कारण पुढच्या उत्तरात आहे. जुन्या नंबरिंग मशीनने आतला आकडा मारणाऱ्यांनी तर कार्ड उलटं करून पाठीवर बोट फिरवून बघावं. लोखंडी आकड्याचा दाब मागून खड्ड्याऐवजी फुगवटा होऊन लागतो. टॉर्चसुद्धा लागत नाही, अंधाऱ्या खोलीतही वाचता येतं.

तिसरी वाट पाठीची. टॉर्च समोर ठेवून मागून बघितलं तर चांदी उजेड अडवते. पण टॉर्च पाठीवरच मारून पाठच बघितली तर? 300 जीएसएम कार्डसुद्धा अगदी अपारदर्शक नसतं, गडद काळा ठसा आतून झिरपून दिसतो. सरकारी लॉटऱ्यांच्या खरवडायच्या तिकिटांत म्हणूनच मजकुराच्या खालीही एक काळा थर असतो, त्यावर पांढरा, आणि त्या पांढऱ्यावर आकडा. म्हणजे आकडा दोन काळ्या थरांच्या मधे सँडविचसारखा असतो. छोट्या प्रेसला हे महाग पडतं. त्याऐवजी पाठीवर नेमक्या त्याच जागी, त्याच टाइपात, त्याच आकारात आकड्यांची दाट गिचमीड छापा. आतला आकडा भर काळ्याऐवजी 40-50 टक्के राखाडीत ठेवा आणि त्याच्याखाली त्याच छटेची बारीक नक्षी टाका. डोळ्याला आकडा आणि नक्षी वेगळी काढता येत नाही.

शेवटी चाचणी अशी करा : ज्याने कार्ड केलं नाही अशा माणसाला अंधाऱ्या खोलीत 20 कार्डं द्या. समोरून, मागून, तिरपं, तिन्ही तऱ्हांनी. काय काय बक्षिसं आहेत ते त्याला आधीच सांगा, कारण दुकानातल्या पोऱ्यालाही ती माहीत असतात. ‘5’ आहे की ‘1’ एवढं कळलं तरी त्याला पुरतं. म्हणून सगळी बक्षिसं सारख्याच अंकसंख्येत लिहा : 010, 050, 500. रिकाम्या कार्डावरही तेवढ्याच लांबीचं काहीतरी हवं.

प्रश्न : मे महिन्यात केलेल्या कार्डांची चांदी खरवडताना खालची छपाईही सोबत निघते. काही गड्ड्यांत कार्डं एकमेकांना चिकटली. पावसाळ्यात असं होत नाही. गरमीमुळे असेल का? (कळमना)

उत्तर : चिकटलेल्या गड्ड्या गरमीमुळे. छपाई निघणं मात्र नाही, ते पावसाळ्यातही झालंच असतं. तुम्ही तेव्हा कदाचित लॅमिनेशनची दुसरी फिल्म वापरली असेल.

शाई सुटून यायला तिच्याखाली घसरडा थर लागतो : पूर्ण वाळलेलं यूव्ही वार्निश किंवा ग्लॉस लॅमिनेशन. नुसत्या आर्टकार्डावर शाई कागदाच्या तंतूंत धरते आणि सुटताना वरचं कोटिंग ओढून आणते. वार्निशवर नीट यूव्ही बसला नसेल, दिवा जुना झाला असेल किंवा दिव्याखालून शीट नेणारा बेल्ट वेगात असेल, तर वार्निश अर्धकच्चं राहतं आणि शाई त्याच्यात रुतते. मॅट फिल्म टाळा, तिच्या खरखरीत पोतात चांदीचे कण अडकून राहतात. ग्लॉस घेताना दोन्ही बाजूंनी कोरोना-ट्रीट केलेली (विजेच्या ठिणग्यांनी पृष्ठभाग पकड घेईल असा केलेली) फिल्म नको. ती वर छपाई पकडावी म्हणूनच बनवलेली असते, आणि इथे तर पकड नकोच आहे. एकाच बाजूने, चिकटवायच्या बाजूने ट्रीट केलेली मागा.

चांगल्या कार्डाची खूण : नाण्याच्या तीन-चार घासांत चांदी निघावी आणि खोडरबराच्या मळासारख्या बारीक वळ्या पडाव्यात. भुकटी उडाली तर थर फार कोरडा किंवा रिड्यूसर (शाई पातळ करायचं द्रावण) जास्त. बोटाला काळी फरफट लागली तर अजून ओली आहे.

आता गड्ड्यांचं. ही शाई रंगासारखी कडक कधीच होत नाही, मऊ राहते म्हणूनच खरवडता येते. टिनाच्या छपराखाली 45 अंशांच्या दुपारी ती आणखी सैल होते आणि वरच्या वजनाने शेजारच्या कार्डाच्या पाठीला धरते. शीट रॅकवर किमान 24 तास सुटे ठेवा. कटिंगला घेताना गड्डी लहान घ्या आणि क्लॅम्पचा दाब कमी करा, खाली-वर मऊ पुठ्ठा ठेवा. नाहीतर क्लॅम्पच्या रेषेत पाठीवर चांदीचा ठसा उमटतो. कापलेली कार्डं 50-50 च्या बंडलात बांधा, रबरबँड चांदीवरून जाऊ देऊ नका, आणि खोकी एकावर एक रचू नका.

कूलरबद्दलही सांगायला हवं. कूलर स्क्रीनच्या तोंडावर ठेवला की शाई मेशमध्येच सुकते आणि अर्ध्या तासात चांदीत बारीक छिद्रं दिसू लागतात. त्यात त्याच्या ओल्या हवेने शीटच्या कडा लाटांसारख्या होतात आणि दुसरा हात जुळत नाही. कूलरचं तोंड दुसरीकडे वळवा, दोन छपायांच्या मधे मेशवर शाईचा फ्लड (पसरलेला ओला थर) ठेवून द्या, आणि उन्हाळ्यात रिड्यूसरऐवजी त्याच कंपनीचा रिटार्डर (शाई सावकाश सुकवणारं द्रावण) थोडा वापरा.

प्रश्न : तान्ह्या पोळ्याला आमच्या वस्तीतली पोरं लाकडी बैल सजवून आणतात. प्रत्येकाला एक फुकट स्क्रॅच कार्ड द्यायचं आहे, 200 नग. घरी होतील का?

उत्तर : होतील. जाड कार्डाचे तुकडे घ्या. बक्षिसाचं नाव जेल पेन किंवा स्केच पेनने लिहा. बॉलपेन नको, त्याचा दाब मागून कळतो. त्यावर पारदर्शक रुंद चिकटपट्टी लावा. चंदेरी ॲक्रिलिक रंगाचे दोन भाग आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक भाग, हळू ढवळा, फेस होऊ देऊ नका. नुसता चंदेरी रंग झाकत नाही, म्हणून याच प्रमाणात काळा रंग कालवून त्याचा पहिला हात द्या, तो वाळला की चंदेरी. 4×2 सेमीच्या चौकोनाला दोन्ही रंगांची प्रत्येकी 50 मिलीची एक बाटली 200 कार्डांना पुरून उरते. लिक्विड जास्त झालं की थर वाळत नाही आणि कमी झालं की सुटत नाही, म्हणून आधी पाच कार्डांवर करून बघा. सण भर पावसाळ्यात येतो. रात्रभर पंख्याखाली ठेवा आणि दोन दिवस आधीच संपवा.

बाजारात तयार स्क्रॅच स्टिकरही मिळतात. पोरांच्या कार्यक्रमाला उत्तम. पैशांच्या बक्षिसाला मात्र ते नकोत, कारण अख्खा स्टिकर हळूच सोलून, वाचून, नवा लावता येतो.

प्रश्न : गणेश मंडळासाठी 50 रुपयांची स्क्रॅच कुपनं विकून गाडी बक्षीस ठेवली तर? (महाल)

उत्तर : करू नका. पैसे घेऊन नशिबावर बक्षीस म्हणजे लॉटरी, आणि राज्य सरकारची किंवा त्याने परवानगी दिलेली सोडून दुसऱ्या लॉटरीची सोडत चालवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 297 खाली गुन्हा आहे. 6 महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. तिची जाहिरात करणाऱ्याला वेगळा दंड आहे. दुकानदारांनीही ऑर्डर देण्याआधी वकिलाला विचारावं : खपवाढीसाठी घेतलेला नशिबाचा खेळ 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येत येतो.

प्रश्न : ‘न खरवडता जिंकणारं तिकीट ओळखा’ असे व्हिडिओ फिरतात. त्यात काही तथ्य? आणि दुकानातल्या कार्डांत मोठी बक्षिसं नोकरांच्याच ओळखीच्यांना लागतात, ती कशी?

उत्तर : व्हिडिओ विकणाऱ्याला खरंच ओळखता येत असतं तर त्याने व्हिडिओ विकला नसता. शिवाय महाराष्ट्र राज्य लॉटरी, 1969 पासूनची, ही सोडतीची. तिचा नंबर उघडाच छापलेला असतो, झाकलेलं काहीच नसतं. खरवडायची तिकिटं 1974 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने काढली.

पण असं एकदा खरोखर घडलं आहे. 2003 मध्ये टोरांटोतले संख्याशास्त्रज्ञ मोहन श्रीवास्तव यांनी ओंटारिओचं फुली-गोळ्याच्या खेळाचं तिकीट पाहिलं. चांदी निर्दोष होती. शेजारी उघडे छापलेले आकडे मात्र बोलके होते. संपूर्ण तिकिटावर फक्त एकदाच आलेले आकडे एका चौकटीत तीन ओळीने आले, की ते तिकीट बहुतेक जिंकणारं. त्यांनी न खरवडलेली 20 तिकिटं वर्गवारी करून लॉटरी महामंडळाकडे पाठवली, 19 बरोबर निघाली. खेळ बंद झाला. किती तिकिटं जिंकावीत हे आधी ठरवून उघडे आकडे त्यानुसार रचले जात होते, आणि ती रचना बाहेरून दिसत होती.

तुमच्या दुकानातही हेच होतंय, फक्त साध्या रूपात. समजा एका शीटवर 24 अप, म्हणजे 24 कार्डं, आहेत आणि 500 चं कार्ड डिझायनरने वरच्या उजव्या कोपऱ्यात ठेवलं. शीट एकावर एक ठेवून कापले की त्या कोपऱ्यातली सगळी कार्डं एकाच गड्डीत येतात. कापणाऱ्याला, बांधणाऱ्याला आणि पहिलं बक्षीस लागलेलं पाहणाऱ्या नोकराला ती गड्डी कळते. मोठ्या बक्षिसांची शीट वेगळ्या दिवशी छापली असतील तर चांदीची छटा वेगळी, कटिंग अर्धा मिमी इकडेतिकडे, आणि ती खूण केलेल्या पत्त्यांसारखी ओळखू येतात.

म्हणून बक्षिसं छापण्याआधीच फाइलमध्ये यदृच्छेने विखरा, सगळ्या शीटना चांदी एकाच डब्यातून एकाच दिवशी मारा, आणि कापल्यावर गड्ड्या मोठ्या टेबलावर पसरून मिसळा. चांदीखाली बक्षिसासोबत सहा-सात अक्षरांचा कोड टाका, प्रत्येक कार्डाला वेगळा. क्रमाने नको, नाहीतर शेजारच्या कार्डाचा अंदाज येतो. कोड आणि बक्षिसाची यादी मालकाकडे, काउंटरवर नाही. कोपरा आधीच खरवडलेलं, सुईने टोचलेलं किंवा चांदीला नखाचा पांढरा ओरखडा असलेलं कार्ड बाद, असं कार्डावरच मोठ्या अक्षरात छापा. बक्षीस देताना कोड यादीतून कापा आणि कार्डाला भोक पाडून ठेवून घ्या. नाहीतर तेच कार्ड संध्याकाळी दुसऱ्या हातातून परत येतं.